वीट, वाळू आणि वारा : शेतावरचा शून्य ऊर्जा शीतकक्ष

एप्रिलमध्ये सकाळी सहाला काढलेली मेथीची जुडी दुपारी दोनला हातात घेतली, तर देठांनी मान टाकलेली असते, पानांच्या कडा आत वळलेल्या असतात आणि जुडीच्या मध्यभागी बोट घातलं की उबारा लागतो. त्या उबाऱ्यात दोन उष्णता मिसळलेल्या आहेत. एक भाजीसोबत शेतातून आलेली आणि दुसरी भाजीची स्वतःची. तोडल्यावरही भाजी श्वास घेत राहते आणि त्या श्वसनातून उष्णता बाहेर पडते. तापमान १० अंशांनी वाढलं की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. म्हणजे गरम भाजी स्वतःला आणखी गरम करत जाते, पाणी सोडते आणि दुसऱ्या दिवशीच्या बाजारात निम्म्या भावाला जाते.

पन्नास-शंभर किलो भाजीसाठी शीतगृहाचं भाडं आणि वाहतूक परवडत नाही. पण विदर्भ, मराठवाडा, खानदेश आणि पश्चिम महाराष्ट्राच्या कमी पावसाच्या पट्ट्यात जी कोरडी हवा भाजी सुकवते, तिच्याकडूनच भाजी गार करून घेता येते. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत, म्हणजे आपण जिला पुसा म्हणतो तिथे, रॉय आणि खुर्डिया या शास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात यासाठी विटा-वाळूचा एक साधा कक्ष तयार केला. त्याला शून्य ऊर्जा शीतकक्ष म्हणतात. वीज लागत नाही, यंत्र नाही, गवंडीही लागत नाही.

यात विटांचं काम सोपं आहे, आणि म्हणूनच लोक तिथून सुरुवात करतात. मला ते पटत नाही. कक्ष गार होत नाही तेव्हा पाणी कमी पडलं असं समजून माणूस आणखी दोन बादल्या ओततो. बहुतेक वेळा कारण वेगळं असतं : हवा पुरेशी कोरडी नसते, वारा अडलेला असतो, किंवा भिंतीवर ऊन पडत असतं. म्हणून आधी हवा मोजायची, मग जागा ठरवायची आणि विटा सगळ्यांत शेवटी आणायच्या.

वाफ किती उष्णता नेते

बाष्पनाचा अप्रकट उष्मा शिकताना शाळेत ५४० हा आकडा पाठ केलेला असतो : उकळत्या १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला ५४० कॅलरी लागतात. हा आकडा केवढा मोठा आहे ते इंडक्शन शेगडीवर पाहता येतं. पातेल्यात अर्धा लिटर पाणी घ्या, शेगडी एकाच आकड्यावर ठेवा आणि पाणी खळखळायला किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा. मग शेगडी तशीच चालू ठेवून पाणी निम्मं होईपर्यंत थांबा. पाणी तीसेक अंशांचं घेतलं असेल, तर निम्मं पाणी उडायला पहिल्या वेळेच्या जवळजवळ चौपट वेळ लागतो. आणि या सगळ्या वेळात पाण्याचं तापमान शंभराच्या आसपासच अडकलेलं असतं. शेगडीची सगळी उष्णता वाफ घेऊन जात असते. ग्लासगो विद्यापीठात जोसेफ ब्लॅक यांनी १७६०च्या दशकात असाच वेळ मोजून या दडलेल्या उष्णतेचा हिशेब लावला होता.

वाफ होण्यासाठी पाणी उकळावंच लागतं असं नाही. ओल्या विटेवरचं पाणी तीस अंशांनाही हवेत जातं, आणि तेव्हा लागणारी उष्णता उलट थोडी जास्त असते : ग्रॅममागे सुमारे ५८० कॅलरी. खाली शेगडी नसते, म्हणून ती उष्णता पाणी विटेतून, वाळूतून आणि अंगाला लागणाऱ्या हवेतून घेतं. वीजबिलाच्या भाषेत सांगायचं तर १ लिटर पाणी असं उडून जाताना सुमारे दोन तृतीयांश युनिट उष्णता घेऊन जातं.

आता भाजीचा हिशेब करू. ५० किलो भाजी ३८ अंशांवरून २८ अंशांवर आणायची आहे. भाजीत बहुतांश पाणीच असतं, तेव्हा किलोमागे अंशाला जवळजवळ १ किलोकॅलरी धरली तर एकूण ५०० किलोकॅलरीच्या आत काम होतं. एवढी उष्णता न्यायला वाफ किती लागेल? एक लिटर पाण्याचीही नाही. पाऊण लिटरपेक्षा थोडी जास्त. हा आकडा मी मुद्दाम ठळकपणे मांडतो, कारण त्यातून कामाची दिशा ठरते. पाणी कमी पडण्याची भीती नसते. ते भिंतीवरून हवेत किती वेगानं जातं आणि भाजीची उष्णता विटेतून बाहेर यायला किती वेळ मिळतो, यावर सगळं अवलंबून आहे.

ओल्या फडक्याचं तापमान

वीट आणण्याआधी दोन तापमाप्या आणा. ताप पाहायची चालत नाही. तिचा आकडा बेचाळीसच्या आसपास संपतो. शाळेच्या प्रयोगशाळेत असते तशी काचेची, ० ते ११० अंशांची हवी. दोन्ही तापमाप्या आधी एकाच भांड्यातल्या पाण्यात बुडवून आकडे जुळतात का ते पाहा. अर्ध्या-एक अंशाचा फरक असेल तर तो लक्षात ठेवून पुढे वजा करा.

एका तापमापीच्या खालच्या फुग्याला सुती कापडाची पट्टी एकच वेढा देऊन दोऱ्यानं बांधा. कापड जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं घ्या. नव्या कापडात खळ असते आणि ते पाणी नीट ओढत नाही. पट्टीचं टोक दोन-तीन बोटं खाली ठेवलेल्या वाटीतल्या पाण्यात सोडा. पाणी तासभर सावलीत ठेवलेलं असावं. माठातलं किंवा फ्रीजमधलं घेतलं तर सुरुवातीचा आकडा फसवा येतो. दोन्ही तापमाप्या सावलीत शेजारी टांगा आणि पुठ्ठ्यानं किंवा पंख्यानं ओल्या फडक्यावर वारा घाला. ओला आकडा उतरू लागतो. आधी भरभर उतरतो, मग अंशाअंशानं, आणि पाच-सहा मिनिटांत एका जागी ठरतो. वारा चालू असतानाही तो हलेनासा झाला की दोन्ही आकडे वाचा.

हे जिथे कक्ष करायचा तिथेच करायचं. दुपारी दोन ते चारच्या मध्ये एकदा आणि रात्री जेवणानंतर एकदा, असं निदान चार-पाच दिवस.

ओल्या फडक्याचा आकडा हा तळ आहे. वीट कितीही चांगली असो, वाळू कितीही भिजलेली असो, कक्ष त्याखाली उतरत नाही. सावलीत आणि वाऱ्यावर असलेला कक्ष भर दुपारी दोन आकड्यांमधल्या फरकाचा निम्मा ते दोन तृतीयांश हिस्सा गाठेल असं धरून चाला. उदाहरण घेऊ. हवा ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओलं फडकं २२ अंशांच्या आसपास थांबतं. फरक २० अंशांचा. त्यातले १० ते १३ अंश पदरात पडले तर कक्षात २९ ते ३२ अंश मिळतात. या कक्षात बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंश कमी तापमान राहतं असं जे सांगितलं जातं, ते अशाच कोरड्या हवेसाठी खरं आहे.

आता किनाऱ्यावर या. मे महिन्यात ३३ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर ओलं फडकं २८ अंशांच्या वरच थांबतं. फरक जेमतेम साडेचार अंशांचा, आणि हाती येणार दोन-तीन अंश. त्यासाठी सव्वाचारशे विटा रचू नयेत. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या बागायतदारांना मी हा कक्ष उन्हाळ्यासाठी सुचवत नाही. तिथे पहाटेची तोडणी आणि त्याच सकाळची विक्री हाच मार्ग आहे.

दुपारचा फरक १२ अंशांच्या वर असेल तर निःशंक कामाला लागा. ८ ते १२ असेल तर पालेभाज्यांपुरता उपयोग नक्की होईल. ५ च्या खाली असेल तर खर्च करू नका.

रात्रीचं मोजमाप लोक टाळतात, पण मला ते दुपारच्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. या कक्षात टनभर वीट आणि साडेतीनशे किलोच्या वर वाळू असते. रात्री बाहेरची हवाच उतरलेली असते, ऊन नसतं, आणि भिंत ओली असेल तर हा सगळा भार ओल्या फडक्याच्या आकड्याजवळ जाऊन बसतो. तो गारवा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुरवून पुरवून वापरला जातो. म्हणून रात्रीचा फरक ६-७ अंशांचा असला तरी तो मोलाचा आहे, आणि म्हणूनच संध्याकाळचं पाणी कधी चुकवू नये.

जागा

तीन गोष्टी एकत्र हव्यात : दाट सावली, मोकळा वारा आणि जवळ पाणी. सावली आणि वारा यांचं सहसा पटत नाही, हीच खरी अडचण आहे. मे महिन्यात दुपारच्या उन्हात चौरस मीटरवर जवळजवळ १ किलोवॉट उष्णता पडते. ओल्या भिंतीच्या एका चौरस मीटरवर असं ऊन तासभर पडलं की लिटरभर पाणी त्यातच खर्ची पडतं, आणि त्या पाण्यानं भाजीची रतीभरही उष्णता नेलेली नसते. दुसरीकडे ऊन टाळण्यासाठी कक्ष पत्र्याच्या बंद खोलीत नेला, तर आतली हवा दमट होते आणि बाष्पन मंदावतं. बंद खोलीत कूलर लावल्यावर तासाभरात अंग चिकचिकायला लागतं, तोच प्रकार.

कडुनिंबाची किंवा आंब्याची मोठी सावली असेल तर उत्तम. नसेल तर आठ फूट उंचीचा मांडव घाला, वर गवत, ऊस-पाचट किंवा पऱ्हाटी पसरा, आणि छप्पर चारी बाजूंनी तीन फूट बाहेर काढा. पत्रा घातलाच तर त्यावर पाचटाचा थर हवा; तापलेला पत्रा स्वतःच खाली उष्णता फेकतो. राहतं ते पश्चिमेचं तिरपं ऊन. आपल्याकडे उन्हाळ्यात वारा बहुधा पश्चिम-वायव्येकडूनच येतो, त्यामुळे तिथे ताडपत्री बांधली की ऊन थांबतं आणि वाराही. त्याऐवजी तुराट्यांचा विरळ ताटवा भिंतीपासून चार-पाच फूट लांब उभा करा आणि जमिनीपासून फूटभर जागा मोकळी ठेवा. कक्षाची लांब बाजू वाऱ्याला आडवी येऊ द्या.

गोठ्याच्या अगदी जवळ, उकिरड्याशेजारी किंवा खताच्या गोदामाला लागून कक्ष करू नका. भाजी वास धरते.

वीट आणि वाळू

वीट अशी हवी, जी पाणी पिते. साधी लाल, नीट भाजलेली गावठी वीट चांगली. जास्त भाजून काळी आणि टणक झालेली वीट घरासाठी ठीक, इथे निरुपयोगी. सिमेंटचे ठोकळे नकोत. परीक्षा सोपी आहे : कोरडी वीट तोला, रात्रभर पाण्यात बुडवा, सकाळी वरचं पाणी पुसून पुन्हा तोला. ३ किलोची वीट साडेतीन किलोच्या आसपास गेली तर ती घ्यायची. दीडदोनशे ग्रॅमच वाढली तर दुसरी भट्टी पाहा.

नेहमीच्या मापाच्या, म्हणजे २३ × ११ × ७.५ सेंटिमीटरच्या, सव्वाचारशे विटा लागतात. तुटफूट धरून साडेचारशे आणा. वाळू नदीची, चाळलेली आणि धुतलेली. धुताना पाणी निवळ येईपर्यंत धुवा. माती राहिली तर ती विटेची छिद्रं बुजवते. दगडाचा कच वापरायची वेळ आली तर त्यातली भुकटी आधी पूर्ण काढून टाका. वाळू भरायच्या पोकळीचं माप आठ घनफूट आहे. चाळणीतली तूट धरून दहा घनफूट, म्हणजे ब्रासचा दहावा हिस्सा, पुरेल.

रचना

मूळ आराखड्यात कक्षाचं बाहेरचं माप १६५ × ११५ सेंटिमीटर आणि उंची ६७.५ सेंटिमीटर आहे. दोन भिंतींमध्ये ७.५ सेंटिमीटरची पोकळी. या मापानं आतली जागा सुमारे १०६ × ५६ सेंटिमीटर उरते. विटा लावण्याआधी तुमच्याकडचं कॅरेट मोजून घ्या. बाजारातली बरीच कॅरेट ५४ × ३६ च्या जवळपास असतात. ती आडवी ठेवली तर दोन ऐसपैस बसतात आणि तिसरं जेमतेम दोन सेंटिमीटरनं अडतं. एवढ्यासाठी दर थराला एका कॅरेटची जागा गमवायची नाही. कक्षाची लांबी अर्ध्या विटेनं वाढवा, थोड्या विटा जास्त लागतील, पण दोन थरांत सहा कॅरेट मावतील.

जमीन सपाट करून वीतभर मुरूम टाका, ठोका आणि एका कोपऱ्याकडे किंचित उतार द्या, म्हणजे पाझर तिकडून निघून जाईल. तो केळीच्या किंवा अळूच्या आळ्यात नेला तर वाया जात नाही. विटा आदल्या रात्री भिजवून ठेवा. मुरुमावर विटांचा एक थर आडवा पसरा, हा तळ. त्याच्या कडेनं बाहेरची भिंत आणि ७.५ सेंटिमीटर, म्हणजे एका विटेची जाडी, सोडून आतली भिंत उचला. अंतर मोजायला एक सुटी वीट मध्ये उभी धरली की काम होतं. सिमेंट नको, चुना नको, मातीही नको. सांध्यात काही भरलं की तेवढी ओलावा देणारी जागा बंद होते, आणि सुट्या विटा पुढे काढून धुता येतात हा मोठा फायदा जातो.

सुट्या भिंती टिकतात त्या सांधमोडीमुळे. वरच्या विटेचा मध्य खालच्या सांध्यावर आला पाहिजे आणि कोपऱ्यात विटा एकमेकींत गुंतल्या पाहिजेत. दोन्ही भिंती पूर्ण उभ्या करून मग वाळू ओतू नका. ओल्या वाळूच्या दाबानं आतली भिंत फुगते. तीन थर झाले की तेवढी वाळू भरा, पाणी द्या, बांबूच्या टोकानं हलकेच दाबा. मग पुढचे तीन थर. असे नऊ थर झाले की उंची पुरी होते. बाहेरून गिलावा करायचा मोह होईल, विशेषतः पाहुणे पाहायला येणार असले की. करू नका.

झाकण बांबूच्या चौकटीचं करा. त्यात वाळलेलं गवत किंवा तुराट्या घट्ट विणून वरून गोणपाट शिवा. दोन बाजूंना धरायला दोरीचे फास ठेवा. झाकणावरही पाणी शिंपायचं असतं, म्हणून ते एका माणसाला उचलवेल इतकंच जड असावं.

पाणी कधी आणि किती

पहिल्या दिवशी वाळूत पाणी सोडत राहा, तळाच्या विटांतून पाझर दिसेपर्यंत. भाजी लगेच ठेवू नका. एक पूर्ण रात्र जाऊ द्या.

त्यानंतर सकाळी आणि संध्याकाळी. झारीनं दिलं तरी चालतं, पण ठिबकची नळी जास्त सोयीची. पोकळीच्या वाळूवर १६ मिलिमीटरची नळी गोल फिरवा, फुटाफुटावर तोटी ठेवा आणि नळी उंचावरच्या दोनशे लिटरच्या पिंपाला जोडा. इतक्या कमी दाबावर तोटी तिच्यावर लिहिलेल्यापेक्षा बरंच कमी पाणी देते, त्यामुळे मिनिटांचा हिशेब न धरता तळाशी पाझर दिसला की बंद करा. कडक उन्हाळ्यात दिवसाला तीस ते पन्नास लिटर पाणी लागेल असं धरा. यातल्या बऱ्याच पाण्यानं बाहेरच्या वाऱ्याचीच उष्णता घेतलेली असते, भाजीची थोडी. तो या रचनेचा स्वभाव आहे. टँकरचं पाणी विकत घेणाऱ्या घरानं पंधरा-वीस किलो भाजीसाठी हा कक्ष चालवू नये. त्यांच्यासाठी पुढे माठांचा प्रकार सांगितला आहे.

पाणी पुरेसं आहे का, हे दुपारी दोनला पाहायचं. बाहेरच्या भिंतीवर मध्यावर वर्तमानपत्राचा तुकडा तळव्यानं दाबून धरा. कागदावर एकसारखा ओला डाग उमटला पाहिजे. पाणी ओघळत असेल तर तेवढं वाया जात आहे. डाग तुटक आला आणि विटेवर फिके पट्टे दिसले तर वाळू तिथे कोरडी पडली आहे, किंवा दुसरं काहीतरी झालं आहे.

ते दुसरं म्हणजे क्षार. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या कक्षाची भिंत महिन्याभरात जवळून पाहा. विटेच्या कडांना पांढरी, मिठासारखी भुरी बसलेली दिसते. नखानं खरवडली की पापुद्रा निघतो. हवेत जातं ते निव्वळ पाणी, त्यातलं बाकी सगळं मागे राहतं. लिटरमध्ये १ ग्रॅम क्षार असलेलं पाणी रोज ४० लिटर दिलं, तर त्यातलं जेवढं उडून जाईल त्यामागे लिटरला १ ग्रॅम या हिशेबानं तीन महिन्यांत भिंतीत तीन-साडेतीन किलोपर्यंत क्षार साचू शकतात. ते छिद्रं बुजवतात, आणि पहिल्या महिन्यात १२ अंश देणारा कक्ष तिसऱ्या महिन्यात ७-८ वर येतो. उपाय एकच : आठवड्यातून एकदा दुपारी, भुरी कोरडी असताना, काथ्याच्या ब्रशानं झटकून टाका. पाण्यानं धुतली तर ती पुन्हा विटेत शिरते. विहिरीचं किंवा कालव्याचं गोडं पाणी मिळत असेल तर थोडं लांबून आणावं लागलं तरी ते वापरा.

भाजी भरताना

तोडणी उजाडण्याच्या सुमारास करा. त्या वेळी भाजी दिवसातली सगळ्यांत गार असते, आणि जी उष्णता शेतातून आणलीच नाही ती काढावी लागत नाही. तोडलेला माल सावलीत पसरून निवडा. किडका, चिरलेला, पिवळा माल आत जाता कामा नये. कक्षात आर्द्रता ९० टक्क्यांच्या घरात असते, त्यामुळे एक सडकी भेंडी दोन दिवसांत अख्खं कॅरेट बिघडवते. जुड्या धुऊन ओल्या ठेवू नका. कॅरेट पाऊणच भरा, जुड्या सैल बांधा आणि खालच्या कॅरेटखाली दोन विटा सरकवा.

झाकण दुपारी बारा ते पाच उघडू नका. बाजाराला न्यायचा माल पहाटेच काढा.

पालक, मेथी, कोथिंबीर, शेपू यांना याचा सर्वांत जास्त फायदा होतो. उन्हाळ्यात दिवसभरही न टिकणारी पालेभाजी तीन दिवसांपर्यंत विकण्याजोगी राहते. भेंडी, गवार, ढोबळी मिरची, लिंबू, मोसंबी हेही चांगलं टिकतं. टोमॅटो, वांगी आणि आंबा यांना फ्रीजचा ४-५ अंशांचा गारठा बाधतो, चव आणि साल दोन्ही बिघडतात. या कक्षात ती भीती नाही. पिकलेला आंबा, केळी किंवा लाल टोमॅटो मात्र पालेभाजीच्या शेजारी ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि त्यानं पानं पिवळी पडतात. कांदा-लसूण आणि धान्य इथे अजिबात नको. त्यांना कोरडी हवा लागते, इथे कोंब येतात आणि बुरशी चढते.

आत एक तापमापी टांगून ठेवा आणि दुपारी तीनचा आतला-बाहेरचा आकडा वहीत लिहा. पंधरा दिवसांच्या नोंदीवरून क्षार साचताहेत की वारा अडतो आहे, हे डोळ्यांना दिसण्याआधी कळतं.

दर पंधरा-वीस दिवसांनी कक्ष रिकामा करून आतल्या भिंती ब्लीचिंग पावडरच्या सौम्य द्रावणानं पुसा आणि एक दिवस उघडा ठेवा. आणखी एक गोष्ट कळकळीनं सांगतो. उन्हाळ्यात गार, ओलसर जागा विंचवाला आणि सापालाही हवी असते. झाकण आधी काठीनं उचला, आत उजेड पाडा, आणि मगच हात घाला. मुलांना भाजी आणायला पाठवू नका.

घरापुरतं : दोन माठ

जिथे पाणी कमी आणि भाजी चार-पाच किलोच, तिथे दोन मातीची भांडी पुरतात. उत्तर नायजेरियातले शिक्षक मोहम्मद बाह अब्बा यांनी हा प्रकार तिथल्या खेड्यांत पोचवला आणि २००० साली त्यांना त्यासाठी रोलेक्स पुरस्कार मिळाला. तिथली हवाही आपल्या मराठवाड्यासारखी कोरडी आहे.

रुंद तोंडाचा मोठा माठ घ्या आणि त्यात सगळीकडून दोन-तीन बोटं जागा राहील असा दुसरा. दोन्ही बिनारंगाचे, आतून-बाहेरून काही न लावलेले. मोठ्याच्या तळाशी तीन बोटं धुतलेली वाळू टाका, लहान माठ बसवा, भोवती वाळू भरा आणि पाणी द्या. तोंडावर ओलं सुती फडकं. हे सगळं तिपाईवर, ओसरीत, वारा लागेल तिथे ठेवा. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवलं तर गारवा निम्म्यानं कमी मिळतो. दिवसाला दोन-तीन तांबे पाणी लागतं.

पावसाळ्याआधी

मेच्या शेवटी, रोहिणीच्या पावसाची चाहूल लागली की ओल्या फडक्याचा फरक रोज पाहा. सलग तीन-चार दिवस तो ५ च्या खाली राहिला तर पाणी बंद करा आणि भाजी काढून घ्या. पावसाळी हवेत हा कक्ष गारवा देत नाही, उलट बुरशी वाढवतो. वळवाच्या दोन सरींमध्ये ऊन पडेल तेव्हा वरचे तीन थर उतरवा, वाळू उपसून शेडमध्ये गोणीत भरा, विटांवरची भुरी झटकून त्या रचून ठेवा आणि झाकणाचं गवत जनावरांच्या खाली टाकून चौकट तेवढी जपा. उरलेली भिंत तशीच राहू द्या, फक्त वर छप्पर हवं.

दसऱ्यानंतर हवा पुन्हा कोरडी होऊ लागते. तेव्हा वाळू नव्यानं धुऊन घ्या, साठवलेल्या विटा एक रात्र पाण्यात ठेवून ते खारट पाणी फेकून द्या, आणि दुपारचा फरक ८ अंशांवर गेला की थर पुन्हा चढवा. ऑक्टोबरच्या उन्हात कोथिंबिरीचा भाव वाढलेला असतो, त्या वेळी कक्ष तयार असलेला बरा.